पावसात रानात जाताय? टोपीचं आधी ठरवा

मे महिनाभर 'कोणता किल्ला, कोणती वाट' असं विचारणारे वाचक मृग लागला की एकाच प्रश्नावर येतात: डोक्यावर काय घालू? जुलैत दुसरी फेरी सुरू होते. 'वॉटरप्रूफ म्हणून सांगून दिली आणि पहिल्याच ट्रेकला डोकं ओलंचिंब. दुकानदारानं फसवलं का?' कधी कधी फसवलेलं असतं. बऱ्याचदा नसतं. टोपी आपलं काम करत असते, आपणच तिला भलतं काम सांगितलेलं असतं.

यात आणखी एक भर पडली आहे. ऑनलाइन शोधलंत तर चांगल्या पावसाळी टोप्या 'हंटिंग हॅट' या नावाखाली निघतात. एका वाचकांनी विचारलं, 'ही घातली तर वनखातं पकडेल का?' नाही पकडणार. आपल्याकडे शिकारीला 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानं बंदी आहे, टोपीला नाही. युरोप-अमेरिकेत थंड पावसात तासन् तास दबा धरून बसणाऱ्या शिकाऱ्यांसाठी या टोप्या बेतलेल्या असतात: आवाज न करणारं कापड, रुंद काठ, मानेवर पाणी येऊ नये अशी मागची बाजू. पक्षी बघणाऱ्याला, रात्री बेडूक शोधणाऱ्याला, कॅमेरा घेऊन ओढ्याकाठी बसणाऱ्याला हेच सगळं हवं असतं. फरक हवामानाचा. त्यांचा पाऊस पाच-दहा अंशांचा, आपला बावीस-पंचवीस अंशांचा आणि त्यात दमट. त्यांच्याकडे उत्तम ठरलेली टोपी आपल्याकडे का गळते, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

बाहेरून भिजली की आतून?

हा प्रश्न मला आंबोलीच्या खालच्या अंगाला भाताच्या एका कुणग्याच्या बांधावर ऐकायला मिळाला. आंबोलीत वर्षाला सरासरी 7,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तेव्हा तिथली माणसं या विषयातली जाणकारच. लावणी चालू होती. बायामाणसं वाकून तरवा लावत होती आणि दोघी-तिघींच्या पाठीवर इरली होती. मी घाट उतरून आलो होतो, डोक्यावर परदेशी बनावटीची महागडी टोपी. ती काढली, पिळली, तर धार लागली. बांधावरचे आजोबा टोपीकडे बघून म्हणाले, "ही भायरसून भिजली, की आतसून?"

मी आतली पट्टी चाचपली. तिथून निघणारं पाणी खारट होतं. बाहेरचं कापड शाबूत, पाण्याचे थेंब अजून मोत्यासारखे घरंगळत होते. पाच तास घाट उतरताना आलेला घाम आत कोंडला होता, एवढंच.

तुमची टोपी भिजली की पहिल्यांदा हेच तपासा. आतली पट्टी ओली आणि टोपीचा माथा आतून कोरडा किंवा नुसता दमट असेल, तर तो घाम आहे. तुम्हाला जास्त वॉटरप्रूफ टोपी नको, जास्त हवेशीर टोपी हवी. शिवणींच्या रेषांवर ओल दिसत असेल तर टोपी शिवणीतून गळते आहे. माथ्याचं कापडच पाणी पिऊन जड झालं असेल तर त्यावरचा पाणी झटकणारा थर संपला आहे. तिन्ही दुखणी वेगळी, तिन्हींचा उपाय वेगळा, आणि तिन्हींना नवी महाग टोपी हे उत्तर नाही.

माझं मत सरळ सांगतो. सह्याद्रीच्या पावसात डोकं कोरडं ठेवण्याचा नाद सोडून द्या. चढावर घामानं ते भिजणारच. टोपीकडून तीन गोष्टी मागा: डोळ्यांत आणि चष्म्यावर पाणी येऊ नये, मानेवरून पाठीत ओघळ जाऊ नये, आणि वाऱ्यानं ती उडू नये. या तीन गोष्टी देणारी टोपी पुष्कळदा स्वस्तातली निघते.

आधी काम ठरवा

टोपी बघायला जाण्याआधी, तुम्ही पावसात नेमकं काय करणार आहात ते ठरवा.

- पाठीवर सॅक घेऊन चढ-उतार: पुढे कडक चोच असलेली साधी कॅप, आणि वर रेनकोटाचं किंवा पॉन्चोचं हूड. माझ्या मते ट्रेकसाठी याहून चांगली जोडी नाही. नुसतं हूड डोळ्यांवर येतं आणि मान वळवली तरी तिथेच राहतं. आत कॅप असली की चोच त्याला पुढे रोखून धरते.
- एका जागी बसणं, पक्षी, फोटो: सगळीकडून काठ असलेली गोल टोपी. हूड नको, कारण हुडात पावसाचा ताशा वाजतो आणि पक्ष्याचा आवाज ऐकू येत नाही.
- रात्रीची भटकंती, बेडूक-साप पाहणं: आखूड चोचीची कॅप. रुंद काठाच्या टोपीवर हेडलॅम्प लावला की उजेड काठावरच पडतो आणि पायाखाली अंधार राहतो.
- शेतावर, बागेत, वाकून काम: इथे टोपीपेक्षा पाठ झाकणारं काहीतरी हवं. त्याबद्दल पुढे बोलू.
- दुचाकीनं पायथ्यापर्यंत: टोपी सॅकमध्ये, डोक्यावर आयएसआय खुणेचं हेल्मेट. हेल्मेटच्या आत काठाची टोपी दाबून बसवू नका. हेल्मेट नीट बसत नाही आणि टोपीचा काठही कायमचा मोडतो.

दोन-तीन कामं एकत्र असतील तर त्यातलं सगळ्यात जास्त वेळ चालणारं काम धरा. एकच टोपी सगळं करेल असं सांगणारा विक्रेता भेटला तर चहा पिऊन उठा.

'वॉटरप्रूफ' या शब्दाचं वजन किती

निर्णयाला लागतं तेवढंच सांगतो. बाजारात या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, साधं नायलॉन किंवा पॉलिएस्टर, वरून पाणी झटकणारा थर दिलेलं. थेंब घरंगळतात, पाहायला छान वाटतं. रिपरिप पावसात अर्धा-पाऊण तास चालतं, मग कापड पाणी प्यायला लागतं. लेबलवर 'वॉटर रेझिस्टंट' किंवा 'वॉटर रिपेलंट' लिहिलेलं असेल तर ते हेच. शहरात ऑफिसला जाण्यापुरती ठीक, घाटात नाही.

दुसरी, आतून पीयू किंवा पीव्हीसीचं कोटिंग असलेली. पाणी खरंच अडतं, पण हवाही अडते. आत हात फिरवलात तर रबरी, किंचित चिकट लागतं. आपल्याकडच्या बहुतेक पावसाळी टोप्या या जातीच्या आहेत आणि हवेसाठी जाळी किंवा भोकं दिलेली असतील तर त्या मला पुरेशा वाटतात.

तिसरी, कापडाच्या दोन थरांमध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा असलेली. गोअर-टेक्स हे त्यातलं गाजलेलं नाव. टेफ्लॉन झटक्यात ताणून हा पडदा करता येतो हे रॉबर्ट गोअर यांना 1969 मध्ये सापडलं. पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते, असा त्याचा दावा आणि तो खराही आहे. फक्त वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. स्कॉटलंडच्या थंड पावसात ती तशी असते. जुलैमधल्या ताम्हिणीत हवाच वाफेनं भरलेली. वाफेचा वेग मंदावतो, घाम आत साचतो, आणि तिप्पट पैसे मोजून तुम्ही पीयूच्या टोपीइतकेच भिजता. सांधण किंवा कळसूबाईपुरतं बोलायचं तर हा खर्च मी करणार नाही. हिमालयात जाणार असाल, परदेशात राहत असाल, तर गोष्ट वेगळी.

याशिवाय मेण दिलेल्या सुती टोप्या असतात. मेणाचं सुती कापड आवाज करत नाही, वर्षानुवर्षं टिकतं, पुन्हा मेण लावता येतं. परदेशी शिकाऱ्यांची ती आवडती. आपल्याकडे दोन अडचणी: एप्रिलच्या उन्हात गाडीत राहिली तर मेण पाघळतं, आणि ओली ठेवली तर बुरशी धरते. तरी पक्षी बघणाऱ्यांनी एकदा हातात घेऊन पाहावी अशी ही वस्तू आहे.

आकड्यांबद्दल. लेबलवर 3,000, 5,000, 10,000 मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पाझरत नाही, असा त्याचा अर्थ. 1,500 पासून कापडाला वॉटरप्रूफ म्हणण्याचा रिवाज आहे. जॅकेटला मोठा आकडा लागतो, कारण खांद्यावर सॅकच्या पट्ट्यांचा दाब येतो, ओल्या दगडावर बसलं की खाली दाब येतो. टोपीवर असा दाब येत नाही. 5,000 भरपूर झाले. 20,000 च्या टोपीसाठी जादा पैसे मागितले तर देऊ नका. आणि टोपीच्या जाहिरातीत 'आयपीएक्स' असं रेटिंग दिसलं तर सावध व्हा. ते मोबाइल-टॉर्चसारख्या विद्युत उपकरणांचं माप आहे, कापडाचं नाही. ज्यानं ते टोपीवर छापलं त्याला आपण काय विकतो हे ठाऊक नाही, किंवा तुम्हाला ठाऊक नसेल अशी त्याची खात्री आहे.

कापड कितीही भारी असलं तरी शिवणीत सुईनं पाडलेली भोकं असतातच. म्हणून आतून शिवणींवर चिकटपट्टीसारखी टेप मारलेली आहे का ते बघा. अस्तर असलेल्या टोपीत ती दिसत नाही. तिथे घरी करायची परीक्षा पुढे दिली आहे.

काठ: खरी पारख इथे

दुकानात लोक कापड चोळून बघतात आणि काठाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पावसात सगळं काम काठच करतो.

पुढचा काठ सहा-सात सेंटिमीटर असावा. त्याहून कमी असला तर चष्म्यावर थेंब येतात. जास्त असला तर चढावर समोरची पायरी दिसायला मान मागे टाकावी लागते, आणि पावसात मान मागे टाकली की पाणी कुठे जातं ते सांगायला नको. तो कडक हवा. ओला झाल्यावर लोंबणारा काठ डोळ्यांसमोर पडदा धरतो. दुकानात काठ दोन बोटांत धरून वाकवा आणि सोडा. झटकन सरळ झाला तर घ्या. आत पुठ्ठा असेल तर घेऊ नका, पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो. प्लास्टिकची किंवा फोमची पट्टी चालते. पुठ्ठा टिचकी मारली की बद्द वाजतो.

मागच्या काठात खरी मेख आहे. मान झाकायला तो रुंद हवा हे सगळे सांगतात. पण पाठीवर उंच सॅक असेल तर वर बघताना मागचा काठ सॅकच्या टोपणाला टेकतो आणि टोपी पुढे सरकून थेट डोळ्यांवर येते. शिडीवर, कातळातल्या खोबण्यांत हे धोक्याचं. म्हणून टोपी बघायला जाताना आपली सॅक पाठीवर घेऊन जा. दुकानदार हसला तर हसू द्या. सॅक भरलेली हवी, रिकामी नाही. घरातल्या दोन चादरी कोंबल्या तरी पुरे. आरशासमोर छताकडे बघा, डावी-उजवीकडे मान फिरवा. टोपी हलली तर मागचा काठ मऊ असलेली किंवा मागून दुमडता येणारी टोपी मागा.

वाऱ्याचा हिशेब वेगळाच. नाणेघाटात कड्यावर उभं राहिलात तर दरीतून वर येणारा वारा ओढ्याचं पाणी उलटं उडवतो, आणि पाऊसही खालून येतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तेच. अशा ठिकाणी रुंद काठ म्हणजे शीड. माझी एक टोपी नाणेघाटाच्या त्या वाऱ्यात वर गेली, क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर तरंगली, आणि मग कोकणात उतरली. तिच्यामागे दोन पावलं मीही टाकली होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. कड्यावर जायच्या आधी टोपी काढून सॅकमध्ये घालायची, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. उडणाऱ्या टोपीमागे हात किंवा पाय टाकायचा नाही, हे सोबतच्या मुलांना आधीच बजावून ठेवा.

माप, दोरी आणि केस

शिवणकामाची टेप कपाळावरून, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या फुगवट्यावरून फिरवा. ज्या केशरचनेत ट्रेक करणार त्याच केशरचनेत मोजा. आलेल्या आकड्यात एक सेंटिमीटर मिळवा. 58 आले तर 59, आणि तसं माप मिळालं नाही तर 60 घेऊन मागचा बंद आवळा. घट्ट टोपीनं दोन तासांत कपाळ ठणकतं. सैल टोपी कारवीतून जाताना पहिल्या फांदीला राहते.

अंबाडा किंवा वेणी घालणाऱ्या वाचकांची तक्रार रास्त आहे: बहुतेक टोप्या आखूड केसांसाठीच शिवलेल्या असतात. मागे केस बाहेर काढायची खाच असलेली कॅप सोयीची वाटते, पण त्याच खाचेतून पाणी मानेवर येतं. ती घ्यायची तर हुडाच्या आतच वापरा. अंबाडा मानेपाशी खाली बांधला तर गोल टोपीही नीट बसते.

हनुवटीखालची दोरी हवीच. पण ती अशी हवी की जोराचा हिसका बसला तर सुटेल. करवंदीच्या जाळीत टोपी अडकली आणि तुम्ही उतारावर घसरलात, तर न सुटणारी दोरी गळ्याला फास लावते. दुकानात टोपी घालून दुसऱ्याला ती मागून ओढायला सांगा. चिमटी सरकली किंवा जोड सुटला पाहिजे. तसा नसेल तर घरी दोरी एका बाजूनं कापून तिथे छोटं वेलक्रो शिवून घ्या. कोपऱ्यावरचा शिंपी पाच मिनिटांत करून देतो.

रंग

ट्रेकला जाणार असाल तर भडक रंग. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो, तेव्हा केशरी किंवा पोपटी टोपी मागच्याला वाट दाखवते. पक्षी बघायला जाणार असाल तर मातकट, करडा, शेवाळी. परदेशी शिकारी हिरवट कपड्यांवर भगभगीत केशरी टोपी घालतात, आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत तसा नियमच आहे, तो यासाठी की दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये. हरणाला केशरी आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही, म्हणून त्यांचं निभावतं. पक्ष्यांचं तसं नाही. त्यांची रंगदृष्टी आपल्यापेक्षा सरस असते.

लष्करी छापाच्या टोपीबद्दल नेहमी विचारणा होते. आपण सैनिक आहोत असं दुसऱ्याला वाटावं या हेतूनं सैनिकासारखा वेष करणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. छापील पानाफुलांची शिकारी नक्षी म्हणजे लष्करी गणवेश नव्हे. तरीही लष्कराच्या सध्याच्या नक्षीशी मिळतीजुळती टोपी घेऊ नका. नाक्यावर उभं राहून हेतू समजावत बसण्यात सकाळ जाते.

दुकानात, आणि घरी आल्यावर

1. टोपी उलटी करून कापडाला आतून तोंड लावा आणि फुंकर मारा. हवा सहज आरपार गेली तर ते कोटिंग नाही, नुसता वरचा थर आहे.
2. शिवणी आतून बघा. टेपची कड नखानं हलकेच उचलून पाहा. आत्ताच सुटत असेल तर ऑगस्टपर्यंत टिकणार नाही.
3. हवेची भोकं बाजूला आहेत की माथ्यावर? माथ्यावरची नकोत. बाजूची जाळी, तीही कापडाच्या घडीखाली झाकलेली, सर्वांत चांगली.
4. कानाजवळ कापड चुरगाळा. चिप्सच्या पाकिटासारखं वाजलं तर पक्षिनिरीक्षणाला बाद.
5. घडी घालून खिशात कोंबा, पाच मिनिटांनी काढा. काठ वाकडाच राहिला तर परत ठेवा.

घरची परीक्षा पाण्याची. टोपी उलटी करा, म्हणजे बाहेरची बाजू आत येईल. माथा खाली धरून एखाद्या पातेल्याच्या तोंडावर ती वाटीसारखी बसवा. तळ पातेल्याला टेकू देऊ नका. भोकांच्या खाली राहील इतपत कपभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटं थांबा. खालून थेंब लोंबतोय का, आणि लोंबत असेल तर शिवणीवर की मधल्या कापडावर, ते टॉर्च मारून बघा. मी ही परीक्षा ओट्यावर करतो, त्यामुळे घरात पातेल्याची वेगळी नोंद झाली आहे. एक खबरदारी: टोपी परत करायची वेळ येऊ शकते, म्हणून लेबल कापू नका, साधं स्वच्छ पाणीच वापरा आणि सगळं मोबाइलवर चित्रित करा. ऑनलाइन मागवली असेल तर खोका उघडण्यापासून.

फसगत झाली तर

आधी लेबल वाचा. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेली टोपी तासाभरानं भिजली तर तक्रारीला जागा नाही. 'वॉटरप्रूफ' लिहिलेली पंधरा मिनिटांत गळली तर आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 तुमच्या बाजूनं आहे:

- बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. रस्त्यावरच्या गाड्यावर हे चालत नाही हे मलाही माहीत आहे, पण दुकानात बिल मागाच.
- सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा. बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत परत घ्यावी लागते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का बिलावर असला म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.
- ऑनलाइन विक्रीत विक्रेत्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि माल कोणत्या देशात बनला हे दाखवणं बंधनकारक आहे. हे दिसत नसेल तर पुढच्या पानावर जा.

क्रम असा ठेवा: प्रथम दुकानदार किंवा विक्रेता, तोंडी न सांगता लेखी. मग लेबलवरचा ग्राहक सेवा पत्ता. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: घटनेपासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्काविना, आणि वकील न लावताही. सातशे रुपयांच्या टोपीसाठी आयोगापर्यंत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. 1915 वर मात्र फोन करा.

टोपी न घेण्याचे पर्याय

इरल्याकडे परत येतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं. डोक्यापासून कंबरेपर्यंत पाठ झाकली जाते, दोन्ही हात मोकळे, आणि शरीराला चिकटत नसल्यानं खालून हवा खेळती. वाकून काम करणाऱ्याला याहून चांगली वस्तू अजून कुणी काढलेली नाही. दोष दोन: आडव्या वाऱ्यात ते उलटतं, आणि झाडीतून चालायला अडचण होते. लावणी सोडून इतर कशालाही घेऊ नका, पण बागेत काम करणाऱ्यांनी कोकणात गेल्यावर बाजारात चौकशी जरूर करावी.

घोंगडीची खोळ हा घाटमाथ्याचा उपाय. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, म्हणून धनगर दिवसभर पावसात ती घेऊन उभा राहू शकतो. वजन मात्र भिजल्यावर दुप्पट वाटतं. हाच धागा पकडून एक करा: सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून लोकरीची कानटोपी ठेवा. चालताना नाही, थांबल्यावर घालायची. माथ्यावरच्या वाऱ्यात ओल्या डोक्यानं बसलात की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं म्हणतात ते खरं नाही, ती साधारण दहाव्या हिश्शाइतकी जाते. पण वाऱ्यात ओलं डोकं झाकलं की बरं वाटतं याला आकड्याची गरज नाही.

आणि सपाट वाटेवर, वारा नसताना, छत्री. ट्रेकर मंडळी हिला नावं ठेवतात. मी ठेवत नाही.

निगा

टोपी वॉशिंग मशिनमध्ये टाकू नका. साध्या साबणानं हातानं धुवा. डिटर्जंटचा अंश राहिला की पाणी झटकणारा थर निकामी होतो, आणि कपडे मऊ करणारं द्रावण तर त्याहून वाईट. जुलैत काही वाळत नाही, तेव्हा उलटी करून पंख्याखाली टांगा. थर थकला असेल आणि लेबलवर इस्त्रीची मुभा असेल तर वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा, थेंब पुन्हा घरंगळू लागतात. मेणाच्या किंवा पीव्हीसीच्या टोपीला इस्त्री लावायची नाही.

जुनी जाड सुती टोपी घरात पडून असेल तर तिच्यावर साधी पांढरी मेणबत्ती आडवी-उभी घासा आणि केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा द्या. मेण कापडात मुरतं. शिवणींवर दोनदा घासा. एक हंगाम निभावून जातो आणि खर्च मेणबत्तीचा.

दसऱ्यानंतर टोपी पूर्ण वाळवून उघड्यावर, सैल ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलीत तर दमट हवेत पीयूचं कोटिंग कुजतं. मे महिन्यात काढाल तेव्हा आत हात घातल्यावर बोटं चिकटतील आणि पांढऱ्या पापड्या केसांत पडतील. तसं झालं तर त्या टोपीला उपाय नाही. म्हणून मृगाच्या निदान पंधरा दिवस आधी ती काढून बघा. तेव्हा दुकानांत नवा माल आलेला असतो आणि गर्दी अजून छत्र्यांच्या बाजूला असते.